पडदा, भोंगा आणि परवानगी
वाचकांचे प्रश्न : गावात, शाळेत पर्यावरणावरचे माहितीपट दाखवताना

‘माहितीपट कोणता दाखवू?’ हा प्रश्न बहुतेक पत्रांत पहिला असतो. पण खेळ पडतो तो निवडीमुळे क्वचितच. मागच्याला ऐकू येत नाही, पडद्यावर हायमास्टचा उजेड पडतो, नाहीतर शेवटी माईक भलत्याच हातात जातो. म्हणून आधी कापड आणि वायर, मग कायदा, मग चर्चा.

प्रश्न : आमच्या तरुण मंडळाला बिबट्यावरचा पाऊण तासाचा माहितीपट देवळासमोरच्या पटांगणात दाखवायचा आहे. दीड-दोनशे माणसं येतील. शाळेचा प्रोजेक्टर मिळतोय, पडदा नाही. किती मोठा आणि कशाचा करावा? (जुन्नर तालुका)

दोनशे माणसांना दहा फूट रुंदीचा पडदा पुरतो. हल्लीच्या चित्रपटांच्या मापाने (सोळास नऊ) त्याची उंची ५ फूट ८ इंच येते. मांडी घालून बसलेल्या माणसाला सहा-सात चौरस फूट जागा लागते. म्हणजे बैठक तीस फूट रुंद आणि पंचेचाळीस फूट खोल होईल. पहिली रांग पडद्यापासून बारा ते पंधरा फुटांवर बसवा, शेवटची साठ फुटांच्या आत राहू द्या. पडद्याची खालची कड जमिनीपासून चार फूट वर हवी, नाहीतर मागच्यांना बिबट्याऐवजी पुढच्यांच्या टोप्या दिसतील. खुर्च्या टाकायच्याच असतील तर फक्त मागे. पाहुण्यांसाठी पुढे सोफा मांडला की मागच्या पन्नास जणांचा पडदा गेला म्हणून समजा.

कापडाच्या दुकानात पांढरं जाड मांजरपाट किंवा चादरीचं कापड मागा, पण पन्हा बघून घ्या. ९० इंच पन्ह्याचं साडेतीन मीटर कापड घेतलं तर पन्हा उभा येतो आणि मध्ये जोड लागत नाही. ३६ इंची पन्ह्याचे तुकडे जोडले तर शिवणीची रेघ प्रत्येक दृश्यात दिसते. कापड वर-खाली दुमडून नेफा शिवून घ्या आणि दोन्ही नेफ्यांतून बांबू किंवा पाइप घाला. खालच्या बांबूच्या वजनाने कापड ताणलं जातं. मागे काळं कापड लावायला विसरू नका. पांढऱ्या कापडातून बराच उजेड आरपार जातो, शिवाय पाठीमागच्या देवळातला दिवा चित्राच्या मधोमध चमकतो. खेळ संपल्यावर पडद्याची घडी घालू नका, बांबूला गुंडाळा. घडीच्या रेषा इस्त्रीनेही पुरत्या जात नाहीत.

पन्नास-साठ चौरस फुटांचं ताणलेलं कापड म्हणजे होडीचं शीडच. ते दोन खांबांना, झाडांना किंवा भिंतीतल्या कड्यांना बांधा. नुसत्या रोवलेल्या बांबूंवर उभं करायचं असेल तर प्रत्येक बांबूला पुढून आणि मागून दोराचे ताण द्या. कापडाला भोकं पाडली की वारा निघून जातो असं बरेच जण सांगतात. लहान भोकांनी ताण फारसा कमी होत नाही, चित्र मात्र खराब होतं. वाऱ्याच्या आडोशाची भिंत शोधणं जास्त फायद्याचं. शाळेची किंवा समाजमंदिराची सपाट भिंत मिळत असेल तर पांढऱ्या चुन्याचा हात मारा आणि पडद्याचा खर्चच वाचवा. चमकणारा ऑइलपेंट नको, त्यात दिवा परावर्तित होतो.

आता प्रोजेक्टर. त्यावर ‘एएनएसआय लुमेन’ (उजेडाचं प्रमाणित माप) किती लिहिलेत ते बघा. पूर्ण अंधारात दहा फुटी पडद्याला खरे दीड हजारही चालतात, पण गावात पूर्ण अंधार नसतो, म्हणून तीन ते साडेतीन हजार धरून चला. ऑनलाइन मिळणाऱ्या स्वस्त छोट्या एलईडी प्रोजेक्टरवर ‘दहा हजार लुमेन’ छापलेलं असतं. त्यातले बरेच एएनएसआय मापाने दोन-तीनशेच्या घरात असतात. त्यांच्यावर दहा फुटी खेळ ठरवू नका.

शाळांतले जुने प्रोजेक्टर बहुधा चारास तीन मापाचे असतात. त्यांच्यावर रुंद चित्र लावलं की वर-खाली काळ्या पट्ट्या येतात आणि पाव उजेड त्या पट्ट्यांत वाया जातो. सेटिंगमध्ये ‘इको मोड’ चालू राहिला असेल तर तोही बंद करा. शाळेत दिवे वाचवण्यासाठी लावलेला असतो आणि तसाच राहतो.

अंतराचा हिशोब सोपा आहे. माहितीपुस्तिकेत ‘थ्रो रेशो’ दिलेला असतो, त्याला पडद्याच्या रुंदीने गुणा. १.५ असेल तर दहा फुटी पडद्यासाठी प्रोजेक्टर पंधरा फुटांवर ठेवावा लागतो. म्हणजे तो पुढच्या रांगांच्या मधोमध येणार. त्याच्या दोन्ही बाजूंना दीड-दीड फूट जागा मोकळी सोडा, वायरी चिकटपट्टीने सतरंजीखाली घट्ट बसवा आणि टेबलाजवळ मंडळाचा एक माणूस कायम बसवा. पोरं टेबलाला टेकणारच.

हायमास्टची गोष्ट आदल्या दिवशी मिटवा. त्याचा स्विच ज्याच्या ताब्यात आहे त्या ग्रामपंचायतीच्या कर्मचाऱ्याचा फोन नंबर घ्या आणि तो त्या संध्याकाळी गावात असेल ना, हे विचारा. टायमरवर चालणारा दिवा ऐन खेळात उजळू शकतो.

प्रश्न : गेल्या वर्षी आमच्याकडे नदीवरचा माहितीपट लावला. चित्र स्वच्छ, पण निवेदन कोणालाच समजलं नाही. आवाज तर भरपूर मोठा होता. (शिक्षिका, सांगली जिल्हा)

आवाज मोठा असणं आणि शब्द कळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मंडपवाल्याकडून साउंड आणला असेल तर पहिला संशय मिक्सरवरच्या ‘इको’ किंवा ‘डिले’ लिहिलेल्या बटणावर घ्या. भजनासाठी आणि सूत्रसंचालनासाठी ते फिरवून ठेवलेलं असतं. माहितीपटाच्या निवेदनात प्रत्येक शब्द पुढच्या शब्दावर चढतो आणि नुसता घोष उरतो. ते शून्यावर आणा. अर्ध्या तक्रारी तिथेच संपतात.

दुसरा संशय भोंग्यावर. कर्ण्यासारखा भोंगा माणसाचा आवाज लांब फेकण्यासाठी असतो, त्यात खालचे सूर जवळजवळ नसतात. पाण्याचा खळाळ त्यातून पत्र्यावर वाळू घासल्यासारखा येतो. दोन उभे बॉक्स स्पीकर पडद्याच्या दोन्ही बाजूंना, उभ्या माणसाच्या डोक्याच्या उंचीवर ठेवा आणि तोंडं किंचित आत, बैठकीच्या मध्याकडे वळवा. बास कमी, मधले सूर थोडे जास्त. पत्र्याच्या शेडमध्ये आवाज घुमत असेल तर वाढवून उपयोग नाही, उलट कमी करा. सतरंज्या आणि बसलेली माणसं घुमणं बऱ्यापैकी शोषून घेतात, म्हणून रिकाम्या शेडमध्ये वाईट वाटलेला आवाज भरल्या शेडमध्ये सुधारतो.

लॅपटॉप एचडीएमआय वायरने प्रोजेक्टरला जोडला की आवाजही त्याच वायरने प्रोजेक्टरच्या चिमुकल्या स्पीकरकडे जातो, आणि मिक्सर गप्प बसतो. लॅपटॉपच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये आउटपुट ‘हेडफोन’ करा आणि हेडफोनच्या छिद्रातून ३.५ मिलिमीटरची वायर मिक्सरला द्या. ‘हूं’ असा सततचा आवाज आला तर लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. त्याने थांबला, तर दोष अर्थिंगच्या चक्राचा आहे. मग बॅटरीवर खेळ करा किंवा मध्ये ‘ग्राउंड लूप आयसोलेटर’ लावा. स्वस्त वस्तू आहे, पिशवीत कायम असू द्या.

चाचणीची पद्धत एकच : निवेदनाचं एक मिनिट लावा, सगळ्यात मागे जाऊन बसा, आणि तो चित्रपट न पाहिलेल्या माणसाला काय ऐकलं ते सांगायला लावा. स्वतःच्या कानांवर भरवसा नको. चार वेळा पाहिलेल्याला शब्द आधीच माहीत असतात.

प्रश्न : वीज गेली तर? आमच्याकडे घरगुती इन्व्हर्टर आहे, १५० एएच बॅटरीचा. (बीड)

१२ व्होल्ट गुणिले १५० म्हणजे १८०० वॅट-तास. बॅटरी अर्ध्यापेक्षा जास्त उतरवू नये, आणि इन्व्हर्टर स्वतः पंधरा टक्के खातो. हातात साडेसातशेच्या आसपास राहतात. दिव्याचा प्रोजेक्टर ३०० वॅट आणि साउंड १००-१५० धरला तर दीड-पावणेदोन तास. पाऊण तासाच्या माहितीपटाला भरपूर, पण बॅटरी नवी असेल तर. तीन-चार वर्षं जुनी असेल तर निम्मंच धरा. इन्व्हर्टर साइन वेव्हचा हवा, चौकोनी लहरीचा असेल तर स्पीकर गुणगुणतो.

खरी अडचण वीज जाण्याची नाही, झटका बसण्याची आहे. दिवा तापलेला असताना पंखा एकदम थांबला तर दिव्याचं आयुष्य घटतं, आणि तो गार होईपर्यंत पुन्हा पेटत नाही. तुमची पंधरा-वीस मिनिटं गेली. म्हणून प्रोजेक्टर सुरुवातीपासूनच इन्व्हर्टरवर ठेवा, वीज गेल्यावर जोडू नका. लेझर किंवा एलईडी प्रोजेक्टरला हा त्रास नाही. आणि पडदा काळा झाला की सगळ्यात आधी लॅपटॉपवर चित्रपट थांबवा. तो स्वतःच्या बॅटरीवर अंधारातही पुढे चालत राहतो.

शंभर फुटांची बारीक वायर ओढू नका, व्होल्टेज पडतं. २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर घ्या. आणि खांबावर आकडा टाकणं सोडाच : जिवावरचं आहे, गुन्हा आहे, वर व्होल्टेजचा भरवसा नाही. शाळेच्या किंवा देवस्थानाच्या मीटरवरून, विचारून घ्या.

प्रश्न : आम्ही तिकीट लावत नाही. यूट्यूबवर असलेला माहितीपट उतरवून दाखवला तर कोणाची परवानगी कशाला? (ठाणे)

लागते. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्रपट लोकांना दाखवण्याचा हक्क त्याच्या मालकाचा असतो. तिकीट आहे की नाही यावर तो हक्क ठरत नाही. यूट्यूबच्या अटींतही वैयक्तिक, बिगर-व्यापारी पाहण्यापुरतीच मुभा आहे, आणि सार्वजनिक खेळ नको असं त्यात उदाहरण देऊन लिहिलंय. अपवाद : ज्यावर क्रिएटिव्ह कॉमन्स परवाना आहे तो चित्रपट त्या परवान्याच्या अटींत राहून दाखवता येतो. ‘नॉन-कमर्शियल’ असेल तर पैसे गोळा करायचे नाहीत. ‘नो डेरिव्हेटिव्ह्ज’ असेल तर मराठी आवाज चढवून आवृत्ती वाटण्यासाठी वेगळी परवानगी घ्यावी लागते.

परवानगी मागणं ही कटकट आहे असं वाटतं, पण फायदा मागणाऱ्याचाच होतो. यूट्यूबवरून उतरवलेली फाइल दहा फुटी पडद्यावर फुटते. दिग्दर्शकाकडून आलेली फुटत नाही, सोबत उपशीर्षकांची फाइल मिळते, आणि जवळपास राहणारा दिग्दर्शक कधी कधी स्वतःच येतो.

ईमेल चार ते सहा आठवडे आधी पाठवा. त्यात एवढंच : कोण दाखवतंय, कुठे, कोणत्या तारखेला, किती माणसं, तिकीट आहे का, एकच खेळ की अनेक, आणि मानधन किती देऊ शकता. रक्कम लहान असली तरी लिहा. ‘समाजकार्य आहे, मोफत द्या’ एवढंच लिहिलेलं पत्र दिग्दर्शकांना आठवड्यात चार वेळा येतं. चित्रपट नेहमी दिग्दर्शकाच्याच मालकीचा नसतो. शेवटच्या नामावलीत मालकी कोणाची लिहिली आहे ते पाहा, ती निर्मात्याची किंवा वाहिनीची असू शकते. होकार आला की सोबत मागून घ्या : १०८० पी मापाची एमपी-४ फाइल, एसआरटी उपशीर्षकं (वेळेसह लिहिलेल्या मजकुराची फाइल), आणि सेन्सॉर प्रमाणपत्राची प्रत. १९५२च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याखाली सार्वजनिक प्रदर्शनाला प्रमाणपत्र लागतं, आणि तक्रार झाली तर पोलीस पहिलं तेच विचारतात. २०२३च्या दुरुस्तीनंतर प्रमाणपत्राला दहा वर्षांची मुदत राहिली नाही, ते कायमचं असतं. होकाराच्या ईमेलचा छापील कागद त्या दिवशी खिशात ठेवा.

लाउडस्पीकरची परवानगी ही निराळी. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार ती लेखी घ्यावी लागते आणि उघड्यावर रात्री दहा ते सकाळी सहा स्पीकर बंद. दवाखाना, शाळा, न्यायालय यांच्या शंभर मीटरांच्या परिसरात शांतता क्षेत्र असू शकतं, म्हणून शाळेच्या मैदानावरचा खेळ असेल तर अर्जात जागा स्पष्ट लिहा. आचारसंहितेच्या काळात तारीख धरू नका.

प्रश्न : शाळेत दाखवायला तरी परवानगी नको ना? मुख्याध्यापकांच्या नेटफ्लिक्स खात्यावरून? (नाशिक)

दोन प्रश्न आहेत. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये शैक्षणिक संस्थेला सवलत आहे : संस्थेच्या उपक्रमात, प्रेक्षक फक्त शिक्षक-कर्मचारी, विद्यार्थी, त्यांचे पालक आणि संस्थेच्या कामाशी संबंधित माणसं असतील तर. फाटकावर ‘सर्वांना आमंत्रण’ असा फलक लावला की सवलत संपली.

पण नेटफ्लिक्सशी खातेदाराचा स्वतंत्र करार असतो आणि खातं घरगुती वापरासाठीच असतं. त्यांच्या काही स्वनिर्मित माहितीपटांना मात्र शैक्षणिक खेळाची मुभा आहे. त्या शीर्षकाच्या माहितीत ‘ग्रँट ऑफ परमिशन फॉर एज्युकेशनल स्क्रीनिंग्ज’ असा उल्लेख दिसतो. अटी : खातेदारानेच लावायचा, तिकीट-देणगी काही नाही, जाहिरातीत नेटफ्लिक्सचं बोधचिन्ह नाही, आणि खेळ एकदाच, म्हणजे त्याच आठवड्यात पुन्हा पुन्हा नाही. तांत्रिक गोचीही आहे. जुन्या प्रोजेक्टरला किंवा स्वस्त स्प्लिटरला कॉपी-संरक्षण समजत नाही. आवाज येतो, चित्र काळं. आदल्या दिवशी त्याच वायरीने, त्याच प्रोजेक्टरवर लावून बघा.

प्रश्न : इथल्या शनिवारच्या मराठी शाळेत मुलांना आणि पालकांना एकत्र दाखवायचा विचार आहे. (लंडन)

तिथे भारतातली सवलत धरू नका. ब्रिटनच्या १९८८च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम ३४ शिक्षक-विद्यार्थ्यांपुरतं आहे, आणि केवळ पालक आहे म्हणून माणूस संस्थेच्या कामाशी संबंधित ठरत नाही, असं त्यात साफ लिहिलं आहे. पालक बसणार असतील तर परवाना घ्या.

प्रश्न : चांगले माहितीपट इंग्रजीत असतात. म्हाताऱ्या माणसांना उपशीर्षकं वाचता येत नाहीत. काय करावं? (यवतमाळ)

उपशीर्षकं तरुणांसाठी, आवाज सगळ्यांसाठी. दोन्ही ठेवा.

उपशीर्षकांचं आधी. एसआरटी फाइल यूटीएफ-८ मध्ये जतन करा, नाहीतर प्रश्नचिन्हं येतात. चौकोन आले तर प्लेअरमध्ये देवनागरी फाँट निवडलेला नाही. ‘पायऱ्या’तला ‘ऱ्या’ फुटून दिसत असेल तर भांडत बसू नका, हँडब्रेकसारख्या मोफत सॉफ्टवेअरने उपशीर्षकं चित्रातच कायमची उमटवून घ्या (मालकाला विचारून). पेन ड्राइव्ह थेट प्रोजेक्टरला लावायचा असेल तर हे करावंच लागतं, कारण प्रोजेक्टरला बहुधा देवनागरी वाचता येत नाही. एका वेळी दोनच ओळी, ओळीत चाळीसच्या आत अक्षरं, पांढरा जाड फाँट, काळी कड. आणि चित्राच्या तळापासून थोड्या वर : तळाची पट्टी डोक्यांआड जाते. पेन ड्राइव्ह एफएटी-३२ असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल त्यावर चढतच नाही. एक्सएफएटी करून घ्या.

आवाजासाठी सर्वांत चांगला उपाय म्हणजे माईक घेऊन बसलेला गावातलाच निवेदक. त्याने चित्रपट तीन वेळा पाहिलेला हवा आणि हातात मिनिट-सेकंद लिहिलेली संहिता हवी. इंग्रजी निवेदन सुरू झालं की मिक्सरवाला चित्रपटाचा आवाज एक-तृतीयांशावर आणतो, निवेदक मराठीत बोलतो. पाखरं, पाऊस, नुसती माणसं बोलताहेत, तिथे निवेदकाने गप्प बसायचं. हे सांगूनही कोणी ऐकत नाही, म्हणून संहितेत ‘गप्प’ असं ठळक लिहा. शब्दशः भाषांतर केलं तर मराठी मागे पडते. मूळ मजकुराचा एक-तृतीयांश भाग सरळ गाळा.

शब्द मात्र जपून निवडा. भूजलावरच्या चित्रपटात सच्छिद्र बेसॉल्ट, जलधर, पुनर्भरण हे शब्द बोललात की माणसं पेंगतात. महाराष्ट्राचा बहुतेक भाग बेसॉल्टच्या थरांवर आहे, आणि विहिरी खोदणाऱ्यांनी त्या थरांना केव्हाच नावं दिली आहेत. भोकाभोकांचा, पाणी धरणारा तो मांजऱ्या, लाल मातकट थर तो गेरू, आणि ज्यात भेगा नसतील तर पाणी लागत नाही तो काळा पाषाण. पडद्यावर विहिरीची उभी कड दिसली की निवेदकाने ‘हा बघा मांजऱ्या, याच्या खाली गेरू’ एवढंच म्हणावं. पुढची दहा मिनिटं गाव आपणच बोलतं, कोणाच्या विहिरीला किती हातांवर काय लागलं ते.

प्रश्न : चित्रपटानंतर चर्चा ठेवतो, पण ती भाषणांत संपते. (जुन्नर तालुका, तेच मंडळ)

सत्कार, नारळ, दीपप्रज्वलन हे सगळं चित्रपटाच्या आधी, दहा मिनिटांत उरका. नंतर मंचच नको. दिवे निम्मेच लावा, सगळे लावले की माणसं चपला शोधू लागतात. माईक सूत्रधाराच्या हातात राहू द्या, फिरवायचा असेल तर पहिल्यांदा बायकांच्या बाजूला. पहाटे गोठ्यात जाणारी, उसाला पाणी धरायला जाणाऱ्या माणसाची वाट पाहणारी तीच असते. पहिला प्रश्न ‘चित्रपट कसा वाटला?’ हा नको, त्याला ‘छान’ हेच उत्तर मिळतं. ‘यातलं काय आपल्याकडे घडत नाही?’ असं विचारा. पंचवीस मिनिटांत थांबा.

बिबट्याचा विषय असेल तर तयारी जास्त लागते. ज्याची शेळी गेल्या महिन्यात गेली तो माणूस समोर बसलेला आहे, आणि ‘सहजीवन’ हा शब्द त्याला टोचतो. परिसरात नुकताच माणसावर हल्ला झाला असेल तर खेळ पुढे ढकला. वनरक्षक किंवा वनक्षेत्रपाल आले पाहिजेत, आणि त्यांनी भाषण न करता तीन गोष्टी सांगायच्या : जनावर मेलं तर पंचनामा होईपर्यंत ते हलवू नये, भरपाईचा अर्ज कोणाकडे करायचा, आणि वनविभागाचा १९२६ हा टोल फ्री क्रमांक.

‘पकडून लांब का सोडत नाही?’ हा प्रश्न येणारच. त्याचं उत्तर तुमच्याच तालुक्यात सापडलं आहे. २००१ नंतर जुन्नर परिसरात मोठ्या प्रमाणावर बिबटे पकडून दूर जंगलात सोडले गेले. वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा अभ्यास केला, तो २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं की सोडलेल्या जागांच्या आसपास माणसांवरचे हल्ले वाढले. हे वनाधिकाऱ्यापेक्षा गावातल्या शिक्षकाने सांगितलं तर जास्त पटतं. ऊसतोडीत बछडे सापडले तर उचलून घरी न आणता वनविभागाला कळवायचं, आई परत येते, हेही याच बैठकीत सांगा. तोडणी मजुरांच्या टोळ्या गावात असतील तर त्यांनाही बोलवा. त्यांना आवतण द्यायचं बहुतेक मंडळांना सुचतच नाही, आणि फडात पहिला हात घालणारे तेच असतात.

प्रश्न : चित्रपट शोधायचे कुठे? (कोल्हापूर)

सरकारी संग्रहासाठी एनएफडीसी (राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळ) : १९४८ साली सुरू झालेला फिल्म्स डिव्हिजन २०२२ मध्ये त्यात विलीन झाला. दिल्लीच्या पब्लिक सर्व्हिस ब्रॉडकास्टिंग ट्रस्टने स्वतंत्र दिग्दर्शकांकडून शेकडो माहितीपट करून घेतले आहेत, त्यांत पर्यावरणाचे पुष्कळ. पुण्याचा किर्लोस्कर वसुंधरा आणि सीएमएस वातावरण या पर्यावरण-चित्रपट महोत्सवांच्या जुन्या कार्यक्रमपत्रिका चाळल्या तर वर्षभराची यादी निघते. गावासाठी पंचवीस-तीस मिनिटांचा निवडा, पन्नासच्या वर जाऊ नका. ध्रुवीय अस्वलं, कोसळणारे हिमकडे छान दिसतात. पण वाळूउपशावरचा साधा चित्रपट पुढे ठेवला तर माणसं उठून जात नाहीत, भांडतात. ते बरं.

प्रश्न : कोणता महिना, किती वाजता? किड्यांचा फार त्रास होतो. (रत्नागिरी)

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. सूर्यास्तानंतर पस्तीस-चाळीस मिनिटांनी पडद्यापुरता अंधार होतो. डिसेंबरात पुण्याकडे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, नागपुरात त्याच्या वीस-पंचवीस मिनिटं आधी. म्हणजे सातला सुरू करून पावणेनऊला सगळे घरी. जूनमध्ये अंधारच पावणेआठला होतो, मग स्वयंपाक आणि दहाची मर्यादा यांत खेळ चेंगरतो. पहिल्या पावसानंतरच्या आठवड्यात तर नकोच, पंखवाली वाळवी प्रोजेक्टरच्या झोतात अशी घुसते की पडद्यावर बर्फ पडल्यासारखा दिसतो.

थंडीतही किडे येतात. बैठकीपासून पन्नास-साठ फुटांवर, पडद्याच्या उलट दिशेला एक पांढरा प्रखर दिवा खेळाच्या तासभर आधीपासून लावून ठेवा. त्याला आडोसा करा, म्हणजे उजेड पडद्याकडे येणार नाही. प्रोजेक्टरच्या हवेच्या जाळीत किडे अडकतात आणि यंत्र तापून बंद पडतं, म्हणून मऊ ब्रश जवळ ठेवा, पण जाळी साफ करायची ती यंत्र बंद करून. कोकणात नऊनंतर दव पडतं. लेन्स अचानक धुरकट झाली तर फोकस फिरवत बसू नका, कोरड्या सुती कपड्याने टिपा. प्रोजेक्टरवर आडवी छत्री धरली तरी काम भागतं, मात्र गरम हवा बाहेर पडते ती बाजू झाकू नका.